उपाशी राहू नकोस, मुक्ता

प्रिय मुक्ता,


तुझा रिपोर्ट तू मला फोनवर वाचून दाखवला होतास. टीएसएच 14, फ्री टी-फोर कमी, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन 9.5. डॉक्टरांनी थायरॉइडची पन्नासची गोळी सुरू केलीय, हेही कळलं होतं. त्याची मला काळजी नव्हती. पण काल ताईचा फोन आला आणि तिने जे सांगितलं त्याने झोप उडाली. कुणा ओळखीच्या बाईंनी तुला ‘थायरॉइड डाएट’चा तक्ता दिलाय. सकाळी कोमट पाणी आणि लिंबू, दुपारी दुधीचं सूप, चार वाजता दोन खजूर, रात्री वाटीभर पपई. मी बेरीज करून पाहिली, दिवसाला सातशे कॅलरीसुद्धा भरत नाहीत. आणि ओवी नऊ महिन्यांची आहे, अजून अंगावर पितेय.

तू विचारलं होतंस, “मावशी, मी आता जन्मभर अशीच जाड राहणार का?” तेव्हा तुझ्या मागे ओवी रडत होती, बोलणं राहून गेलं. त्याचं उत्तर नीट सवडीने लिहितेय.

सांगलीत औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं, हे तुला माहीत आहे. मी डॉक्टर नाही. तुझा डोस किती असावा हे ठरवणं माझं काम नाही, ते तुझ्या डॉक्टरांचं. पण ही गोळी न्यायला येणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या गोळी कशी घेतात, काय खातात, काय सोडतात, कशाला घाबरतात, हे ऐकलंय. 2013 मध्ये भारतातल्या आठ शहरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होते. साधारण 11 टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचं काम कमी आढळलं, आणि पुरुषांच्या मानाने बायकांत ते तिपटीएवढं. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला असं काही आहे याचा पत्ताही नव्हता.

आधी गळ्यातल्या त्या ग्रंथीबद्दल सांगते. श्वासनलिकेला बिलगून बसलेली, जेमतेम वीस ग्रॅमची, दोन पाळ्यांची ग्रंथी. ती दोन हार्मोन करते, टी-फोर आणि टी-थ्री. ती रक्तातून सगळीकडे जातात आणि हृदयाने किती वेगाने चालायचं, आतड्याने किती हलायचं, अंगात उष्णता किती ठेवायची, हे सांगतात. टीएसएच मात्र थायरॉइडचं हार्मोन नव्हे. ते मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं. थायरॉइड कमी पडू लागली की पिट्यूटरी तिला हाक मारते, तिने ऐकलं नाही की हाक आणखी मोठी होते. बहुतेक लॅबमध्ये टीएसएच साधारण 0.4 ते 4 च्या आसपास असेल तर ठीक मानतात. तुझं 14 आहे, म्हणजे पिट्यूटरी बराच काळ ओरडतेय. गेल्या काही महिन्यांत तुला बद्धकोष्ठ होत होतं, केस मूठमूठ गळत होते, पुण्यात एप्रिलमध्येही तू पंखा बंद करायला सांगायचीस, आणि सगळे म्हणत होते की बाळंतपणानंतर असं होतंच. थोडंफार होतंही. म्हणूनच हा आजार बाळंतिणीत लपून राहतो.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह याचा अर्थ शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटली आहे. 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो नावाच्या जपानी शल्यचिकित्सकाने चार बायकांच्या ग्रंथींत हा प्रकार पाहिला आणि लिहून ठेवला, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइडला अशी सूज येण्याचं प्रमाण शंभरात पाच ते दहा जणी एवढं आहे. त्यातल्या पुष्कळ जणींचं वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होतं, काहींचं कायम राहतं. तुझ्या अँटीबॉडी वाढलेल्या आहेत आणि घरात आधीपासून हे आहे, त्यामुळे तुझं राहण्याची शक्यता जास्त. तरीही ‘जन्मभर’ हा शब्द आत्ताच उच्चारू नकोस. ओवी वर्षाची होऊन गेली की डॉक्टरांना विचार, गोळी कमी करून बघता येईल का. ते सांगतील तेव्हा आणि तसंच. आणि राहिली जन्मभर, तरी ही गोळी म्हणजे शरीर स्वतः करतं तेच हार्मोन आहे. तिची सवय लागत नाही, व्यसन लागत नाही, योग्य डोसमध्ये ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

घरात आहे, असं लिहिलं. आजीबद्दल तुला कुणी नीट सांगितलं नसेल. तू तिला पाहिलंस ते तिच्या शेवटच्या वर्षांत. आम्ही लहान असताना ती चपळ होती, पहाटे उठून दळण-कांडण करायची. तुझ्या मामाच्या जन्मानंतर हळूहळू बदलली. आवाज जाड झाला, पाय सुजायचे, थंडीत दोन शाली घेऊनही कुडकुडायची, चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायची. घरातली मोठी माणसं तिला सुस्त म्हणायची, आणि ती ऐकून घ्यायची. जेवण निम्मं केलं तिने, कारण सगळे म्हणत होते खाऊन खाऊन फुगलीय. पुढे फार उशिरा मिरजेला नेऊन तपासलं तेव्हा टीएसएच शंभराच्या वर निघालं. गोळी सुरू झाली, दोनेक महिन्यांत आवाज मोकळा झाला, पायाची सूज उतरली. आईला आळशी म्हणण्यात गेलेली ती सगळी वर्षं मात्र कुणी परत देऊ शकलं नाही. म्हणून तुझ्या जेवणाच्या ताटाबद्दल कुणी काही बोललं की मला एवढं लागतं.

आता वजन. लग्नात तू 54 किलो होतीस, आता 71. हे सतरा किलो थायरॉइडनेच आणले असं तुला वाटतंय, आणि म्हणून गोळी सुरू झाली की ते उतरतील अशी आशा आहे. इथेच बायका फसतात आणि मग खचतात. थायरॉइड कमी झाल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत अडीच ते साडेचार किलोच्या आसपास असतं, आणि त्यातही चरबीपेक्षा पाणी आणि मीठ जास्त. हार्मोन कमी पडलं की कातडीखाली आणि पेशींच्या मधे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. म्हणून चेहरा, पापण्या, पाय सुजल्यासारखे दिसतात. गोळी नीट लागू पडली की हे पाणी उतरतं. पहिल्या काही आठवड्यांत काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसले तर ते हेच. त्यानंतर काटा थांबतो, आणि मग दुकानात बायका येऊन विचारायच्या, “गोळी लागू पडत नाही का हो?” गोळी लागू पडलेली असायची. तिचं काम तिने केलेलं असायचं.

उरलेलं वजन दोन बाळंतपणांचं आहे, रात्री तीनदा उठण्याचं आहे, दिवसभर लॅपटॉपसमोर बसण्याचं आहे. ओवीच्या वेळी सातव्या महिन्यापासून तुला विश्रांती सांगितली होती, तेही आहे. यात तुझा दोष मी काढत नाही. उलट मला तुला हे सांगायचंय की या वाढीवर तुझा ताबा आहे. थायरॉइडच्या नावाने सगळं वजन लावलंस तर गोळीवर रागवण्यापलीकडे काहीच करता येणार नाही.

आणि उपाशी राहून हे वजन उतरणार नाही. तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही. शरीराला अन्न कमी पडायला लागलं की ते टी-फोरचं टी-थ्री करणं कमी करतं. टी-थ्री हेच खरं काम करणारं हार्मोन. म्हणजे तू जे गोळीने भरून काढतेयस, तेच उपास मोडून टाकतो. वर स्नायू झडतात. थायरॉइड कमी असताना स्नायू आधीच कमजोर, दुखरे झालेले असतात. ते आणखी कमी झाले की बसल्याजागी शरीर जाळतं त्या कॅलरीही घटतात. मग महिन्याभराने तू भाकरीचा एक तुकडा खाल्लास तरी वजन वाढल्यासारखं होईल, आणि तू म्हणशील, बघा, माझं शरीरच असं. केस तर जातीलच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बैठं काम करणाऱ्या बाईसाठी दिवसाला साधारण 1,660 कॅलरी धरल्या आहेत. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर अंगावर पाजणाऱ्या आईला त्यावर आणखी 520. तुझा तो तक्ता याच्या एक तृतीयांशही नाही. ओवी अंगावर पितेय तोवर घाई करू नकोस, मुक्ता. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी ते उत्तम उतरलं, आणि एखाद्या महिन्यात काहीच नाही उतरलं तरी चालेल.

आता गोळीबद्दल, आणि हे लक्ष देऊन वाच, कारण माझ्या मते निम्म्या बायकांची गोळी पोटात जाते पण रक्तात जात नाही. लेव्होथायरॉक्सिन हे फार लहरी औषध आहे. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. काही नाही म्हणजे चहाही नाही. आपल्याकडे दिवस उजाडतो तो दुधाच्या चहाने, आणि गोळी त्या चहाबरोबर ढकलली जाते. “एवढीशी गोळी, तिला काय होतंय चहाने?” असं मला किती जणींनी विचारलंय! गोळी एवढीशी आहे म्हणूनच होतं. ती मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये आहे. त्यातला थोडा भाग दुधातल्या कॅल्शियमने किंवा कॉफीने अडवला तरी टीएसएच हलतं.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. तुला हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी आहे आणि बाळंतपणापासून कॅल्शियमची. ताई म्हणाली, तू तिन्ही एकदम घेतेस, सकाळी, विसरायला नको म्हणून. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात. मधे चार तास पाहिजेत. थायरॉइडची गोळी पहाटे ओवीला पाजायला उठतेस तेव्हा घे. उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेव. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या कशाबरोबर, चहापासून लांब. कॅल्शियम रात्री. पहाटे जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेता येते, पण मग शेवटच्या जेवणाला तीन तास होऊन गेलेले असायला हवेत आणि कॅल्शियम दुपारी ढकलायला हवं. तुमच्या घरी दहाला जेवणं होतात, तेव्हा रात्रीचं तुला अवघडच.

एखाद दिवशी विसरलीस तर घाबरू नकोस. हे औषध रक्तात दीर्घकाळ राहतं, निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. त्याच दिवशी आठवलं तर घे, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नकोस. बाटली फ्रीजवर किंवा गॅसशेजारच्या मांडणीत ठेवू नकोस, उष्णता आणि दमट हवा तिला सोसत नाही. आणि एकाच कंपनीची गोळी सुरू ठेव. दुकानदाराने दुसरी दिली तर डॉक्टरांना सांग, म्हणजे पुढची तपासणी त्या हिशेबाने होईल.

आठवडाभर रक्तात राहतं म्हणूनच तपासणीही लगेच करायची नाही. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधीचा आकडा खोटं बोलतो. केसांसाठी बायोटिनच्या कॅप्सूल घेतेस ना? तपासणीच्या दोन दिवस आधीपासून त्या बंद ठेव आणि लॅबमध्ये सांग. बायोटिनने काही मशीनवर टीएसएच खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि सगळं छान आहे असा भास होतो.

मग रिपोर्ट नॉर्मल येईल. त्या दिवशी बायका गोळी बंद करतात. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे, हे समजावता समजावता माझा घसा कोरडा पडायचा. दुसरा एक प्रकार याच्याही पलीकडचा. रिपोर्ट नॉर्मल, पण वजन हललं नाही, म्हणून मनानेच पन्नासची शंभर. कुणीतरी सांगितलेलं असतं की डोस वाढवला की बारीक होतो. वजन थोडं उतरतंही, पण ते हृदय धडधडवून, झोप घालवून आणि हाडं ठिसूळ करून. या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत लिहिलेलं असतं की ते वजन कमी करण्यासाठी वापरू नये. असं कुणी तुला सुचवलं, मग ते कितीही जवळचं असो, तर तिथेच थांबव.

त्या तक्त्याचं पुढचं पान मी ताईकडून मागवून घेतलं. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद, सोयाबीन बंद, शेंगदाणे बंद, बाजरी बंद. तुझ्या सासूबाई नगरकडच्या, त्यांच्याकडे थंडीत बाजरीच्या भाकरीशिवाय पान वाढलं जात नाही. त्या बिचाऱ्या तुझ्यासाठी वेगळ्या चपात्या लाटतायत म्हणे. यात खरं काय ते सांगते. या पदार्थांत थायरॉइडला आयोडीन वापरू न देणारी काही द्रव्यं असतात. जिथे खाण्यात आयोडीनच नव्हतं आणि माणसं तिन्हीत्रिकाळ हेच खात होती, तिथे त्याने गलगंड झाल्याचं दिसलंय. बाजरीचं उदाहरण सुदानमधलं आहे. घरात आयोडीनचं मीठ असेल, तर आठवड्यातून दोनदा होणाऱ्या शिजवलेल्या कोबीच्या भाजीने काही बिघडत नाही. शिजवल्याने त्या द्रव्यांचा जोर आणखी कमी होतो. सोयाबीन फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेव, म्हणजे झालं. बाजरीची भाकरी, तीळ लावून, खुशाल खा. कोबीचा रस मात्र पिऊ नकोस, तो कुणीच पिऊ नये असं माझं मत आहे.

सैंधवाबद्दल तुझं-माझं बोलणं अर्धवट राहिलं. ‘शुद्ध’ म्हणून तू घरात फक्त सैंधव आणलंयस. त्यात वेगळं घातल्याशिवाय आयोडीन नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, अंगावर पाजणाऱ्या आईला 250, कारण बाळाचं आयोडीनही तिच्या दुधातूनच जातं आणि बाळाचा मेंदू त्यावर वाढतो. 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं, काहींना साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या गावांतल्या मुलांचा गलगंड झपाट्याने कमी झालेला दिसला. त्यातून 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. एवढ्या कष्टाने घराघरात आलेलं मीठ आपण फॅशनपायी बाहेर काढतोय, याचा मला राग येतो. सैंधव उपासाला ठेव, रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनचं. पण याचा अर्थ आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घ्यायच्या असा नाही. हाशिमोतोच्या आजारात जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडते. अश्वगंधाही मनाने सुरू करू नकोस. तिने थायरॉइडची हार्मोन वर-खाली होतात, डोसचा हिशेब चुकतो, आणि तू अंगावर पाजतेयस.

मग खायचं काय? तुझ्या ताटात प्रथिनं फार कमी आहेत. मी तुझ्याकडे राहिले तेव्हा पाहिलंय. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, संध्याकाळी बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी-भाजी. त्या पातळ वरणाच्या वाटीत पाणीच जास्त. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि वाटीभर पातळ वरणाला कित्येकदा तेवढी डाळही लागत नाही. तुला दिवसाला साधारण साठ-पासष्ट ग्रॅम तरी हवीत. सकाळी दोन अंडी खा, किंवा मुगाची धिरडी. दुपारी वरण घट्ट कर, किंवा मटकीची उसळ, आणि पानात तीच आधी वाढून घे, भाजी-भाकरी नंतर. चार वाजता बिस्किटांऐवजी फुटाणे आणि ताक. रात्री पिठलं किंवा थोडं पनीर, आणि भाकरी एक. भात सोडायची गरज नाही, वाटीभर खा. बांगडा, सुरमई मिळेल तेव्हा आण. माशात प्रथिनं आहेत, आयोडीन आहे, सेलेनियमही आहे. हे सगळं खाऊन पोट भरतं, आणि भरलेल्या पोटाने रात्री अकराला फ्रीज उघडावासा वाटत नाही.

उपासांचं मात्र तुला आत्ताच सांगून ठेवते. चतुर्थी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, गोड लस्सी, हे उपास नव्हेत, ती स्टार्च आणि तुपाची मेजवानी आहे. ओवी पितेय तोवर एकही उपास नको. देव समजून घेतो. सासूबाईंना मी फोन करीन, त्या माझं ऐकतात.

लोहाकडे दुर्लक्ष करू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 च्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, 54 टक्के. थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या विकराला लोह लागतं, आणि थायरॉइड कमी असेल तर पाळीत रक्तस्राव जास्त होतो, म्हणजे पुन्हा लोह जातं. एकातून दुसरं. तुला जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, ते एकट्या थायरॉइडचं नाही. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं की तुला चालायला, वाकायला आपोआप बरं वाटेल. तोवर जिमच्या फीसाठी पैसे भरू नकोस. ओवीला गाडीत घालून सोसायटीत वीस मिनिटं चाल. आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या दोन बाटल्या उचलून खांद्याच्या वर नेणं, एवढं कर. स्नायू वाढवायचेत, घाम गाळायचा नाही. अंग जास्त दुखलं तर एक दिवस सोड.

काट्यावर रोज उभी राहतेस म्हणे. पाळीच्या आधी, लोणचं-पापड जास्त झाला तर, झोप मोडली तर, एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे होतो. तो काटा पलंगाखाली सरकव. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, सकाळी बघ. कमरेला फीत लावून बघ, ती जास्त खरं सांगते. आणि त्याआधी हे बघ: पोट साफ होतंय का, पंखा सोसतोय का, दुपारी डोळा लागतोय का, जिना चढताना थांबावं लागतंय का. थायरॉइड सुधारल्याच्या खुणा इथे आधी दिसतात.

1891 मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी या आजाराने पार सुजून मंदावलेल्या एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्याआधी या आजाराला औषधच नव्हतं, माणसं मंदावत मंदावत जायची. ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. आज हेच हार्मोन कारखान्यात बनतं, बाटली थोड्या पैशात मिळते, आपल्या तालुक्याच्या गावातही मिळते. आजीच्या तरुणपणी हे औषध जगात होतं, पण तिच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. तुझ्यापर्यंत ते पोचलंय.

ऑफिसात कुणी म्हणालं, “अगं, किती सुटलीस,” तर उत्तर देत बसू नकोस. जावयांनाही मी लिहिणार आहे. ओवीचं रात्रीचं एक उठणं त्यांनी घ्यावं, आणि तुझ्या ताटाकडे बघून काही बोलू नये, कौतुकाचंही नाही.

तो तक्ता फाडून टाक. आज दुपारी पोटभर जेव, गोळ्यांच्या वेळा उद्यापासून वेगळ्या कर. अठरा तारखेला गोळी सुरू होऊन सहा आठवडे होतील. सकाळी त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी रक्त दे, टीएसएच आणि हिमोग्लोबिन दोन्ही करून घे, आणि कागद डॉक्टरांना दाखवून झाला की मला पाठव.

तुझी,
मावशी